कुशीतली कळ

मागील वर्षी केंद्राच्या क्रीडास्पर्धेत मी लांब पळण्याच्या शर्यतीत होते. मैदानाला चार फेऱ्या मारायच्या होत्या. दोन फेऱ्या झाल्या आणि उजव्या कुशीत कळ आली. घसा कोरडा पडला. मी कडेला जाऊन बसले. बाई धावत आल्या. मी म्हणाले, "पायात काटा मोडला." बाईंनी तळपाय पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पुढे बाईंनी वर्गात अविनाश साबळे यांची माहिती सांगितली. ते बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे. आईवडील वीटभट्टीवर राबत. लहानपणी शाळेसाठी त्यांना सहा किलोमीटर जावे लागे. त्यांची शर्यत ३००० मीटरची. तिच्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी असते. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. मला वाटले, यांच्या कुशीत कळ येत नसेल का? येतच असणार!

मी रोज सकाळी डेअरीवर दूध घालायला जाते. येताना रिकामी किटली घेऊन पळू लागले. कळ येई. बाईंनी सांगितले, "एकदम बसू नकोस. वेग कमी कर, लांब श्वास सोड. आणि भरल्या पोटी पळू नकोस." कधी कळ जाई, कधी जात नसे. पण ती आली म्हणजे सगळे संपले असे नाही, एवढे समजले.

यंदा मी चारही फेऱ्या पुऱ्या केल्या. नंबर पाचवा आला, बक्षीस नाही. घरी आई म्हणाली, "पुरी पळालीस न्हवं? मग झालं तर!"

अपूर्णांकाच्या तासाला मी पूर्वी मान खाली घालून बसत असे. आता हात वर करून म्हणते, "बाई, कळलं नाही." पोरं हसतात. कान गरम होतात. तीही एक कळच. पण गणित सुटते.

एक कळ मात्र वर्षभर राहिली होती. म्हणून हा लेख भिंतीवर लावण्याआधी मी बाईंना स्वतः वाचून दाखवला आणि म्हणाले, "बाई, काटा मोडला नव्हता."

बाई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. लाव भिंतीवर."

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी