तांबड्या शाईचा हिशेब

आमची धाकटी सून पुण्यांतील एका संगणक-कंपनींत नोकरीस आहे व आठवड्यांतील तीन दिवस घरूनच काम करते. माजघरांत, आमच्या पोथ्यांच्या कपाटाशेजारीं, तिचें टेबल मांडलेलें आहे. गेल्या श्रावणांत एके दिवशीं सकाळीं ती कपाळाला हात लावून बसलेली आम्हीं पाहिली. पडद्यावर एक आलेख होता व त्याच्या टोकाशीं १,४१२ हा आंकडा होता. आम्हीं विचारतां ती म्हणाली, “मामंजी, या वॉर्निंगा आहेत. काल रात्रीच्या बांधणींत निघालेल्या.”

आमच्याप्रमाणेंच ज्या वाचकांस या विद्येचा गंध नाहीं, त्यांच्याकरितां थोडें सांगणें अवश्य आहे. मनुष्यानें लिहिलेल्या आज्ञांचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा जो कार्यक्रम, त्यास कंपायलर म्हणतात. व्याकरणाची चूक सांपडली कीं तो रूपांतर नाकारतो, ती ‘एरर’. परंतु वाक्य शुद्ध असून हेतु संशयास्पद दिसला, उदाहरणार्थ एखाद्या राशीस मूल्य न देतांच तिचा उपयोग केला, किंवा तुलनेच्या जागीं चुकून मूल्यच देऊन टाकलें, तर तो समासांत टीप लिहावी तशी टीप लिहून पुढें जातो, ती ‘वॉर्निंग’. दहा-वीस जणांचें लेखन रोज रात्रीं एकत्र करून यंत्र आपोआप सर्व बांधणी करतें, व या टिपांची जंत्री सकाळीं तयार असते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जीसीसी या कंपायलरास ‘वॉल’ अशी एक खूण देतां येते. तींतील ‘ऑल’ म्हणजे ‘सर्व’. परंतु ती देऊनही सर्व टिपा मिळत नाहींत. कांहीं निराळ्या मागाव्या लागतात. ‘सर्व’ शब्दापासूनच सर्वनामांचा गण सुरू करणाऱ्या पाणिनीस हा सैलपणा खपला नसता!

“मग एकदां बसून सर्व दुरुस्त कां करीत नाहीं?” असा मास्तरी प्रश्न आम्हीं केला. ती हंसली. बहुतेक टिपा जुन्या, कित्येक तर ती शाळेंत असतांनाच्या. त्या निस्तरण्यास कोणास वेळ नाहीं. आणि त्या ढिगांत आज पडलेली नवी टीप कोणास दिसत नाहीं. वरिष्ठांपैकीं एकाचें म्हणणें असें कीं, प्रत्येक वॉर्निंगला एररच समजावें, म्हणजे बांधणीच अडेल. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं लिनक्सच्या गाभ्यांत सप्टेंबर २०२१ मध्यें हाच नियम लागू केला होता. परंतु निरनिराळ्या यंत्रांवर व कंपायलरांवर बांधणी अडूं लागली, आणि थोड्याच दिवसांत तो सैल करावा लागला.

सूनबाईंनीं दुसरा मार्ग धरला होता. जुन्यांस तूर्त हात लावावयाचा नाहीं. कालची जंत्री व आजची जंत्री ताडून पाहावयाची. ऐकण्यास हें सोपें वाटतें. परंतु खरी मौज येथेंच आहे. टीप ओळीच्या क्रमांकानें ओळखावी, तर वर कोणीं एक ओळ घातली कीं खालचे सर्व क्रमांक सरकतात व जुन्या टिपा नव्या दिसूं लागतात. म्हणून क्रमांकाऐवजीं आजूबाजूच्या मजकुरावरून ओळख पटवावी लागते. दुसरें असें कीं, यंत्र वेळ वांचविण्यासाठीं केवळ बदललेल्या भागांचेंच रूपांतर करूं लागलें, तर इतर भागांच्या टिपा निघतच नाहींत व आंकडा एकदम उतरतो. तो सुधारणेचा नव्हे. अर्धा वर्ग गैरहजर असल्यानें तपासावयाच्या वह्या कमी आल्या, इतकाच त्याचा अर्थ.

“आणि न समजतां टीप बंद केली तर?” आम्हीं विचारलें. तेव्हां तिनें डेबियन या प्रणालीची हकीकत सांगितली. एका तपासणीच्या साधनानें घेतलेली तक्रार मिटविण्यासाठीं २००६ मध्यें तेथें ओपनएसएसएलमधील दोन ओळी वगळण्यांत आल्या. गुप्त किल्ल्यांत अनिश्चितता येत होती ती त्यांतल्याच एका ओळीमुळें. पुढें प्रत्येक जातीच्या किल्ल्या जेमतेम बत्तीस हजार प्रकारच्याच होऊं लागल्या, म्हणजे चोरानें एकेक लावून पाहाव्या इतक्याच. हें उघडकीस आलें मे २००८ मध्यें.

ही हकीकत ऐकतांना आम्हांस एक मुलगा आठवला, व तो दिवसभर डोळ्यांपुढून हालेना. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या चौथीच्या वर्गांत तो होता. फळ्यावरील मजकूर उतरवितांना ‘घ’ चा ‘ध’ करी, ‘भ’ चा ‘म’ करी. आषाढांत एका पानावर तांबड्या शाईच्या चार-पांच खुणा असत. दिवाळीनंतर त्या दहा-बारा झाल्या. आम्ही प्रत्येक वेळीं इमानेंइतबारें खूण करीत असूं व खालीं ‘लक्ष दे’ असा शेरा मारीत असूं. मागील पान उलटून ताडून पाहावें हें आम्हांस सुचलें नाहीं. श्रुतलेखनांत त्याच्या चुका जवळजवळ नसत, हेंही आम्हीं कधीं वेगळें मांडून पाहिलें नाहीं. शेवटीं निष्काळजीपणाची शिक्षा म्हणून आम्हीं त्यास शेवटच्या बाकावर बसविलें. पुढील वर्षीं शाळेंत डॉक्टर आले तेव्हां कळलें कीं त्यास फळाच दिसत नव्हता.

रात्रीं जेवणानंतर आम्हीं हें सूनबाईस सांगितलें. घरांत यापूर्वीं कोणासही सांगितलें नव्हतें. ती बराच वेळ गप्प राहिली. मग “मामंजी, प्रकारवार निराळा रकाना ठेवायला हवा,” एवढेंच म्हणाली व उठून टेबलाशीं गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही संध्या आटोपून मुद्दाम तिच्या पडद्याशीं गेलों. आंकडा १,४१२ च होता, तसूभर हललेला नव्हता. परंतु त्याखालीं आतां लहान अक्षरांत लिहिलें होतें: ‘गेली एक, नवी एक.’ ती नवी कोणती हें तिनें उघडून पाहिलें, आणि चहा तसाच ठेवून त्या सहकाऱ्यास फोन लाविला.