मी वजने उचलतो

छत्तीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. तेवढ्या काळात मी उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे निवडणुकीची मतपेटी. आणि तिचीही दुसरी बाजू शिपायाच्या हातात असायची. बाकी खडू, डस्टर आणि जनगणनेच्या याद्या. यांच्यावर कुणी दंड कमावल्याचे ऐकिवात नाही. तरीही आपल्या अंगात ताकद आहे, फक्त ती वापरायची वेळ आलेली नाही, अशी माझी एक समजूत होती. पुष्कळ पुरुषांची असते.

ती वेळ यंदा पाडवा होऊन आठवडा झाला असताना, सकाळी साडेसहाला आली. आई न्हाणीघरासमोर पाय घसरून खाली बसली. लागले फारसे नव्हते, पण तिला उठता येईना. आईचे वय चौऱ्याऐंशी, वजन अडतीस किलो. मी मागून तिच्या काखेत हात घातले, 'हं' म्हटले आणि ओढले. आई हलली नाही. पुन्हा ओढले, तेव्हा मीच तिच्याशेजारी फतकल मारून बसलो. आमच्या हिचे गुडघे गेलेले. ती दारात उभी राहून म्हणाली, "अहो, आता तुम्हा दोघांना उचलायला मी कुणाला बोलावू?"

बोलावले ते शेजारच्या बाईला. ती ऊसतोडीवरून चारच दिवसांपूर्वी परत आली होती. "सरका गुर्जी," म्हणाली. गुडघे वाकवून खाली बसली, आईला छातीशी घेतले आणि उठली. झाले. वर म्हणाली, "आजी लई हलक्या हायती. मोळी ह्याच्यापरीस जड असती."

आमच्या आष्टी तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास कोयती निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा-सहा महिने ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढायचे. वजन किती घ्यावे, कितीदा उचलावे, हे त्या बाईला कुणी विचारलेले नव्हते. मला मात्र निवडायला सवड होती. ती मी कशी वापरली ते आता सांगतो.

आमचा तालुका अंगमेहनतीत मागे आहे असे कुणी समजू नये. मांडव्याचा अविनाश साबळे आमच्याच तालुक्यातला. तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्य आणि २०२३ साली हांगचौला आशियाई स्पर्धेचे सुवर्ण मिळवले. ज्या मातीत असा माणूस निपजतो, तिथल्या निवृत्त शिक्षकाने दोन किलोची डंबेल्स घ्यावीत काय? नगरच्या दुकानातला पोरगा मला दोन किलोचीच दाखवत होता, आणि तीही गुलाबी रंगाची! "काका, सुरुवातीला हीच बरी," म्हणाला. त्या 'काका'नेच घात केला. मी दहा-दहा किलोंची काळीकुळकुळीत जोडी घेतली.

ती एसटीत चढवताना कंडक्टरने विचारले, "गुरुजी, पिशवीत खडी भरली काय?" आष्टीच्या स्टँडवर तीच पिशवी त्यानेच, एका हाताने, उतरवून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बनियनवर उभा राहिलो. जेजुरीला दसऱ्याच्या दिवशी बेचाळीस किलोंचा खंडा पेलतात, त्यांचे स्मरण केले. पहिल्यांदा डंबेल कमरेपर्यंत आले. दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत. तिसऱ्यांदा ते जमिनीवरच राहिले आणि माझ्या कमरेत चमक भरली. पुढचे पाच दिवस आईच्या शेजारची खाट माझी. आई खूश होती. बोलायला माणूस मिळाला.

मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. वयाने माझ्या विद्यार्थिनीची मुलगी शोभावी अशी. पण शिकवणे असे, की मी छत्तीस वर्षे उगाचच घसा फोडला असे वाटले. ती म्हणाली, "आकडा वजनावर नसतो काका, मोजण्यात असतो. आठ ते बारा वेळा नीट उचलता आले पाहिजे आणि शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. आठही होत नसतील तर वजन जास्त आहे. पंधरा-वीस वेळा गप्पा मारत होत असेल तर कमी आहे." शिवाय सगळ्या अंगाला एकच वजन चालत नाही. पाय दांडगे, खांदे नाजूक. उचलताना दोन मोजायचे, खाली आणताना चार. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मधे विश्रांती. साठीनंतर स्नायू भराभर झिजतात, पण वाढायचे काही विसरत नाहीत.

"मग मी कितीपासून सुरुवात करू?"

"पाण्याची एक लिटरची बाटली. म्हणजे एक किलो."

गुलाबी डंबेलच्याही निम्मे! पण कमरेची चमक ताजी होती. बाटली आठवडाभरात गप्पा मारत होऊ लागली. पुढची पायरी मी स्वतः शोधली, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरायची आणि दर आठवड्याला एक वाटी वाढवायची. इतके बारीक वाढणारे वजन नगरच्या दुकानात नव्हते.

दोन महिन्यांत माझी प्रगती थक्क करणारी होती. मी वाट्या टाकत होतो आणि पिशवी हलकी लागत होती. बारा, पंधरा, अठरा! हिशेबाने पिशवी साडेतीन किलोंच्या आसपास हवी होती. अभिमानाने मी ती किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. शेटजींनी चष्मा वर केला. "गुरुजी, एक किलो आठशे."

घरी येऊन चौकशी केली. ही शांतपणे म्हणाली, "अहो, दळणाला कमी पडली की घेत होते त्यातलीच. हाताशी भरलेली पिशवी असताना कोठीत कोण वाकणार?" म्हणजे दोन महिने मी माझी ताकद खाल्ली होती, ठेच्याबरोबर.

शेटजींनीच मार्ग काढला. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून त्यांची जुनी लोखंडी वजने गल्ल्याखाली गंजत पडली होती. एक, दोन आणि पाच किलो. "ही न्या. ह्यांची भाकरी होत नाही."

त्यावर मात्र खरे काम झाले. नगरची दहा किलोंची डंबेल्सही कामी आली: त्यांतले एक छातीशी धरून खुर्चीवरून उठायचे, बसायचे. पायांना ते बरोबर बसले. १९९० साली अमेरिकेत नव्वदीतल्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा असाच व्यायाम दिला होता आणि जे टिकले त्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढली, हे मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "नव्वदीतली? मग मला काय धाड भरलीय?" तेव्हापासून खुर्चीच्या हातांना धरून ती रोज पाचदा उठते आणि सहाव्यांदा मला शिव्या देते.

दिवाळी झाली. शेजारच्या दाराला कुलूप लागले. बाई कारखान्यावर गेली. त्या रविवारी आई आपण होऊन सतरंजीवर बसली. "उचल बघू," म्हणाली. मी त्या बाईसारखे गुडघे वाकवले, आईला छातीशी घेतले आणि उठलो. पाय थरथरत होते, पण उठलो.

"आता असाच धरून ठेवणार का?"

मी हळूहळू तिला खुर्चीत ठेवू लागलो. एक... दोन... तीन...

"मोजतोस काय मेल्या, ज्वारीची पिशवी आहे का मी?"