काढता येणारे छप्पर

साहित्याच्या अध्यापकांनी मोटारीच्या छपराविषयी लिहावे, हे काहीसे विचित्र दिसेल याची आम्हांला कल्पना आहे. आम्ही दोघे धर्माबादला राहतो, दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि घरातल्या बोलण्याचे विषय बहुधा वर्गात शिकवायच्या पुस्तकांतूनच निघतात. गेल्या उन्हाळ्यात मात्र दोन-अडीच महिने एकाच प्रश्नाने आमच्या जेवणवेळा व्यापून टाकल्या होत्या : आमच्या जुन्या जीपला काढता-घालता येणारे कडक छप्पर घ्यावे की घेऊ नये? बाजारात त्याला ‘हार्डटॉप’ म्हणतात. प्रश्न पैशाचा आहे असे सुरुवातीला वाटले, मग तो सोयीचा वाटू लागला, आणि शेवटी तो जिथे येऊन थांबला ती जागा आमच्या अंदाजात नव्हती. म्हणून हे टिपण.

जीप आम्ही आठ वर्षांपूर्वी जुनी म्हणूनच घेतली. लोखंडी नळ्यांच्या कमानींवर ताणून बसवलेले कॅनव्हासचे हूड, बाजूंना बटणांनी अडकवायचे पडदे आणि मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, असे तिचे रूप. मराठवाड्याच्या उन्हात कापडाचे जे व्हायचे ते झाले. शिवणी उसवल्या, प्लास्टिक पिवळे पडून मागचे दिसेनासे झाले आणि वेग साठच्या पुढे गेला की हूड असे फडफडू लागले की शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावे लागे. तरी ही गाडी आम्हांला प्रिय होती. हिवाळ्यातल्या सकाळी हूड मागे दुमडून सीमेपलीकडे, तेलंगणातल्या बासरला जाताना दोन्ही बाजूंची शिवारे अंगावर येत, आणि वर आकाशाखेरीज काही नसे.

जीपला कापडी छप्पर असते यामागे काव्य नाही, युद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ही गाडी घडवली गेली, तेव्हा ती हलकी, बुटकी आणि चटकन उतरता येईल अशी असावी, हा हेतू होता. छप्पर कापडाचे, आणि समोरची काचसुद्धा पुढे बॉनेटवर आडवी टाकता येणारी. १९४५ साली ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने स्थापन झालेल्या कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ही गाडी आपल्या ग्रामीण जीवनाचा भाग झाली. साहेबाची जीप, प्रचाराची जीप, वनखात्याची जीप अशी तिची रूपे आपल्या कथा-कादंबऱ्यांतही सापडतील. २०२० साली आलेल्या नव्या थारमध्ये कापडी आणि कडक अशी दोन्ही प्रकारची छपरे कारखान्यातूनच मिळू लागली. म्हणजे आमच्या घरातला प्रश्न तेवढा आमचाच नव्हता. निवड करण्याचे काम उत्पादकानेही ग्राहकावरच सोपवले होते.

आता आमच्या गावाविषयी. धर्माबाद हे मिरचीचे गाव आहे. हंगामात मोकळ्या जागांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, पोती भरली जातात, दळली जातात, आणि वाऱ्याची दिशा बदलली की परगावचा माणूस शिंकून बेजार होतो. आम्हांला या ठसक्याची सवय आहे. वर्गात एक विद्यार्थी खोकू लागला की पाठोपाठ सगळा वर्ग खोकतो आणि शिकवणे क्षणभर थांबते. या मिरचीलाही पक्के छप्पर नसते. उन्हाशिवाय ती वाळत नाही आणि अवकाळी पावसाचा थेंब तिला चालत नाही. आभाळ भरून आले की हमाल, व्यापारी, बायाबापड्या सारे ताडपत्र्या घेऊन धावतात, आणि ढग सरले की त्याच ताडपत्र्या पुन्हा गुंडाळल्या जातात. छप्पर केव्हा घालावे आणि केव्हा काढावे, यावर या गावाची पोटे अवलंबून आहेत.

घरात आमच्याबरोबर आई असतात. आमच्यापैकी एकीच्या त्या जन्मदात्री आणि दुसऱ्याच्या सासूबाई. हाक मात्र दोघेही ‘आई’ अशीच मारतो. त्यांचे वय पंचाहत्तरीकडे झुकले आहे आणि गेल्या तीन वर्षांपासून त्यांना दम्याचा त्रास आहे. तपासणीसाठी नांदेडला न्यावे लागते. रस्त्याने ते अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. रस्त्याची धूळ, वाहनांचा धूर आणि हंगामात मिरचीचा खकाणा हे सर्व फाटक्या हुडातून थेट आत येते. “धुळीपासून जपा,” असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा हार्डटॉपचा विषय आमच्या घरात आला.

आम्ही रीतसर चौकशी केली. नव्या कॅनव्हास हुडाला बारा-तेरा हजार लागणार होते. फायबरच्या हार्डटॉपला साठ हजारांच्या घरात. फायद्यांची यादी मोठी होती. धूळ आत येणार नाही, फडफड थांबेल, पाऊस गळणार नाही, वातानुकूलन बसवले तर त्याचा उपयोग होईल. तोटेही होते. माथ्यावर वजन वाढले की वळणावर गाडी अधिक कलते. छप्पर काढण्याला तीन-चार माणसे लागतात, आणि काढल्यावर एवढी मोठी वस्तू ठेवायची कुठे? अंगणात तुळशीशेजारी छप्पर उताणे पडलेले कसे दिसेल, यावर आम्ही हसलोही. कायद्याची बाजू वेगळीच. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतील तपशील विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारणे भाग होते. आमच्या तालुक्याला अशा उघडझापीचे नावीन्य नाही. गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलैला उघडायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवायचे, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाला अनुसरूनच चालते.

असो. या सगळ्या हिशेबात एक गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. आईंना आम्ही विचारले नव्हते.

आई मूळच्या औसा तालुक्यातल्या, किल्लारीच्या पंचक्रोशीतल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना जो भूकंप झाला, तो त्यांनी सोसला आहे. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होते. मिरवणूक पाहून उशिरा परतल्यावर त्या लेकीला कुशीत घेऊन अंगणातच आडव्या झाल्या. त्यांची सासू आत, माळवदाखाली झोपली होती. ती पुन्हा दिसली नाही. आमच्यापैकी जी त्या रात्री त्या कुशीत होती, ती तेव्हा सहावीत होती. धूळ खाली बसेपर्यंत आईने डोक्यावरून पदर घालून धरला होता, एवढेच तिला आठवते. त्यापुढचे ती सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

या भूकंपात अधिकृत नोंदींप्रमाणेही सात हजारांहून अधिक माणसे गेली. तज्ज्ञांनी नंतर जे सांगितले ते गावकऱ्यांना ढिगारे उपसतानाच कळले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि लाकडी तुळयांवर पसरलेला मातीचा जाड थर, हे आपल्याकडचे माळवद. उन्हाळ्यात ते गारवा देते, त्यावर धान्य वाळते, रात्री झोपता येते. ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, ही रीत. बापाने टाकली, मुलाने टाकली, नातवाने टाकली. घर जपण्यासाठी टाकलेल्या मातीने छप्पर वर्षागणिक जड होत गेले, आणि एका पहाटे ते सगळे वजन एकदम खाली आले. माणसे छपराअभावी मेली नाहीत. पिढ्यांनी जपलेल्या छपराखाली मेली. मराठवाड्याच्या मनावरचा हा ओरखडा अजून पुरता बुजलेला नाही. धर्माबादच्या आमच्या घराला सिमेंटचा स्लॅब आहे, पण आई आजही झोपतात पुढच्या पडवीत, पत्र्याखाली. पावसात पत्रा एवढा वाजतो की आम्हांला झोप लागत नाही. त्यांना लागते.

मे महिन्यात आम्ही त्यांना तपासणीसाठी नांदेडला नेले आणि परतताना हार्डटॉप बनवणाऱ्या एका कारखान्यात थांबलो. तिथे एका जीपवर नुकतेच पांढरे छप्पर बसवलेले होते. मिस्त्रीने अगत्याने दार उघडले आणि आईंना आत बसवले. काचा वर केल्या. बाहेरचा घणांचा आवाज एकदम मंद झाला आणि आम्ही दोघे समाधानाने एकमेकांकडे पाहू लागलो. तेवढ्यात आईंनी दोन्ही तळवे वर टेकवले आणि छप्पर ढकलून पाहिले. ते हलले नाही.

“ह्ये आतनं ढकललं तर निघत न्हाई व्हय?” त्यांनी विचारले.

“मावशी, आठ बोल्ट हायेत,” मिस्त्री म्हणाला. “चौघंजण असले तं दहा मिनिटांत निघतंय.”

“दहा मिनिटं,” आई म्हणाल्या. मग दार उघडून सावकाश खाली उतरल्या, आमच्या जीपकडे गेल्या आणि फाटक्या हुडाखाली आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. आईंना मध्येच ढास लागली. गाडी थांबवून पाणी दिले, ओला पंचा नाकाला धरला. आमच्यापैकी एकाला वाटत होते की त्यांची भीती समजण्यासारखी असली तरी दम आजचा आहे आणि भूकंप बत्तीस वर्षांपूर्वीचा. औषधासारखी ही गोष्टही थोड्या आग्रहाने गळी उतरवावी. दुसरीचे म्हणणे असे की, ज्या माणसाने छप्पर अंगावर येताना पाहिले आहे त्याला छपराच्या सुरक्षिततेचे पाठ देण्याचा अधिकार आपल्याला नाही. हा वाद आमच्यात पुष्कळ दिवस चालला, आणि तो पूर्ण मिटला आहे असे आजही म्हणवत नाही.

शिक्षकी पेशामुळे आम्ही शब्दांकडे वळलो. वडील गेले की आपण ‘पितृछत्र हरपले’ असे लिहितो. छत नव्हे, छत्र. म्हणजे कुणीतरी हातात धरलेली, मिटता येणारी वस्तू. ‘छत्र’ आणि ‘आच्छादन’ हे शब्द संस्कृतातील ‘छद्’ या झाकण्याच्या धातूपासून आले, आणि ‘छद्म’ हा कपटाचा शब्दही त्याच कुळातला. झाकणाऱ्या वस्तूविषयीचा संशय भाषेत इतका जुना आहे. त्याच सुमारास एम.ए.च्या वर्गात महानुभावांचे वाङ्मय शिकवणे चालू होते. चक्रधरस्वामींनी अनुयायांना सांगितले ते मुलुखाच्या कडेला, झाडाच्या आश्रयाने राहायला. राज्याच्या अगदी टोकाशी बसून हे शिकताना आमचे विद्यार्थी दरवर्षी हसतात. पण झाडाखालच्या विरक्तीला दमा नसतो, हेही आम्हांला त्या दिवसांत कळत होते. मोकळ्या आकाशाचा पुरस्कार करणे सोपे आहे. त्या आकाशातून येणारी धूळ ज्याच्या छातीत जाते, त्याच्यापाशी बसून तो करणे अवघड.

एवढे मात्र आमच्या ध्यानात आले. आम्ही ‘काढता येणारे छप्पर’ म्हणत होतो तेव्हा ते कोणाला काढता येणारे, हे विचारलेच नव्हते. आम्हांला काढता आले असते, चौघांना बोलावून, पाने घेऊन, हंगाम पाहून. आत बसलेल्या माणसाला ते काढता आले नसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आपण जी जी सोय करतो, तिच्यातले किती बोल्ट बाहेरच्या बाजूने असतात, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

शेवटी हार्डटॉप घेतला नाही. नवे हूड शिवून घेतले : दुहेरी कॅनव्हासचे, फिक्या रंगाचे, बाजूच्या पडद्यांना बटणांऐवजी साखळ्या लावलेले. धूळ पूर्वीपेक्षा कमी येते, पण येते. तपासणीला आता जीपने जात नाही. सिकंदराबाद–मनमाड मार्गावर आमचे स्टेशन आहे. आगगाडीने उमरी, मुदखेड करत नांदेड गाठतो. आगगाडीचे छप्पर लोखंडी असते, ते आईंना कसे चालते, असे आम्ही एकदा धीर करून विचारले. त्या म्हणाल्या, “ती चालती हाय की.” यापलीकडे त्यांनी खुलासा केला नाही. हा निर्णय बरोबर ठरला की नाही, हे पुढच्या मिरचीच्या हंगामात त्यांची छाती सांगेल. चुकला असेल तर तो आम्हांला बदलावा लागेल, आणि तेव्हा आधी त्यांनाच विचारावे लागेल.

नवे हूड बसवून जीप दारात आली त्या संध्याकाळी आई आत जाऊन बसल्या. आम्ही पायरीवरून पाहत होतो. त्यांनी एका हाताने कापड वर ढकलले. ते चार बोटे उचलले गेले आणि पुन्हा खाली आले. त्यांनी आणखी एकदा ढकलून पाहिले, आणि मग बासरला कधी जायचे ते विचारले.