दिंगलिंगच्या लाल पेट्या

मिंग घराण्यातले १३ बादशहा येथे चिरनिद्रा घेत आहेत, असे सहलवाल्यांच्या पत्रकात छापले होते. त्यांतला एकजण आता तिथे नाही, हे मात्र छापले नव्हते.

बीजिंगपासून उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरांवर डोंगरांनी वेढलेले हे खोरे. वाटेवर दुतर्फा दगडी सिंह, उंट, हत्ती, घोडे. प्रत्येक प्राण्याची एक जोडी उभी, एक बसलेली. "अहो, पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या दिसतात," आमची सौभाग्यवती म्हणाली.

दिंगलिंग हे वान्ली बादशहाचे थडगे. १५८४ साली, ऐन एकविशीत, त्याने ते बांधायला घेतले. १५९० मध्ये काम संपले आणि पुढे ३० वर्षे थडगे धन्याची वाट पाहत राहिले! खूप पायऱ्या उतरून २७ मीटर खोल गेलो. संगमरवरी दारे अशी, की मिटताच आतली शिळा कलंडून त्यांना टेकावी आणि ती पुन्हा उघडू नयेत. तरीही १९५७ साली संशोधकांनी फटीतून हत्यार घालून ती शिळा सरकवलीच. आत बादशहा, दोन सम्राज्ञी आणि सुमारे ३००० वस्तू. रेशमी वस्त्रांना बाहेरची हवा लागली, ती विटली, कडक झाली. मूळ शवपेट्याही पुढे फेकून दिल्या गेल्या. आणि १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, रेड गार्डांनी तिघांच्या अस्थी बाहेर ओढून जाळल्या.

हे गाईडबाईने सांगितले तेव्हा मी त्या भल्यामोठ्या लाल पेट्यांपुढे हात जोडून उभा होतो. पेट्या नकली, आत काहीच नाही. शेजारी लोक संगमरवरी सिंहासनापुढे नोटा टाकत होते.

"मग आपण नमस्कार कुणाला केला?" सौभाग्यवतीने विचारले.

मास्तराला उत्तर हवेच. पण सुचले नाही. वडिलांच्या अस्थी मी नाशिकला गोदावरीत सोडल्या, तेव्हा मडके रिकामे झाल्यावर हातांना असेच काही कळेनासे झाले होते. पण त्या मी सोडल्या होत्या. या बिचाऱ्याच्या कुणी सोडल्या नव्हत्या.

वर आलो. थडग्याच्या कमानीतून बाहेर पडताना 'मी परत आलो' असे म्हणायची इकडची रीत आहे, म्हणे. गाईडबाईने चिनीत म्हणून दाखवले. मी मराठीत म्हटले. सौभाग्यवती मात्र मागे वळून पाहत होती. तिला दोनदा हाक मारावी लागली.