निळीचा डाग

आजीचं पांढरं लुगडं माझ्या कपाटात वरच्या खणात असतं. काठाला बोटभर कसर लागली आहे. घडीवर निळीचा फिकट डाग आहे, तो कुठल्याच धुण्यात गेला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला ती हेच नेसून तिरोड्याहून रेल्वेनं नागपूरला गेली. हलकं धान कापणीला आलं होतं, ते तसंच सोडून. नवरा धडधाकट असताना पांढरं नेसते, म्हणून मोहल्ल्यातल्या बायांनी नावं ठेवली. ती सांगायची, "मले रडू आलं बाबू, पण लुगडं नाई बदललं." तिला सही येत नव्हती, बावीस प्रतिज्ञा मात्र तोंडपाठ होत्या.

त्याआधी १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. मतदाराला दोन मतं. दुसरं मत वाया घालवायला लावा, म्हणजे निवडून याल, असं कार्यकर्त्यांनी सुचवलं आणि बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. ते हरले. ही हार सांगताना आजीचा आवाज कधी खाली आला नाही.

तिला अडवणारे समोर उभे असत. मला कुणीच अडवत नाही. तिरोड्याजवळ आता ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, माझा फ्लॅट नागपुरात आहे, शेजार मायाळू आहे. लोक आग्रह करतात, तोही जीव लावून: "एवढ्यानं काय होते?" नोकरीच्या पहिल्या वर्षी पार्टीत दारूचा ग्लास हातात घेतला, तो एवढ्याच शब्दांवर. आजी तेव्हा जिवंत होती. पुढचे दोन महिने मी गावी गेलो नाही.

मागच्या वर्षी गृहप्रवेश ठरला. शेजारच्या काकूंनी वास्तुशांतीची यादी आणून दिली. सुपाऱ्या, नारळ, पंचा, सगळं त्यांच्या हातचं लिहिलेलं. "तुम्ही दोघं फक्त पाटावर बसा, बाकी मी पाहते." मी हो म्हणालो. त्यांचं मन मोडवेना, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे नाही म्हणण्याचाच कंटाळा आला होता.

रात्री लुगडं काढलं. त्या डागावर अंगठा ठेवून बराच वेळ बसलो.

सकाळी यादी परत द्यायला गेलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. काकू जरा वेळ यादीकडेच बघत राहिल्या.

"मग काय करणार?"

"त्रिशरण, पंचशील. आणि खीर."

त्यांनी यादी उलटी केली, पेन घेतलं. "माणसं किती? दूध सांगून ठेवते."