तिसरं चाक

लग्नानंतर सोलापूर सोडून बंगळूरला आले ती यांच्या येझदीच्या मागच्या सीटवरच! गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. कारखाना १९९६ साली बंद पडला. आमची गाडी नाही.

मध्यंतरी यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. "सिग्नलला गाडी पायावर तोलायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. दरवर्षी जुलैतल्या दुसऱ्या रविवारी इथले जावा-येझदीवाले एकत्र जमतात. त्या वर्षी हे घरीच राहिले. रस्त्यावर टू-स्ट्रोकचा आवाज आला की उठून खिडकी लावून घेत. मला ते बघवेना. भिशीचे पैसे काढले आणि जुनी साइडकार बसवून घेतली. आरटीओच्या खेपा वेगळ्याच!

आता तोल सांभाळायला नको, पण गाडीची चाल पार बदलली. आपल्याकडे साइडकार डावीकडे. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक लावला की उजवीकडे. डाव्या वळणावर तर तिसरं चाक उचलायलाच बघतं! तेव्हा मी डावीकडे कलायचं. इतकी वर्षं "वजन कमी कर" म्हणून ऐकलं, तेच वजन आता कामी येतंय. किक मात्र लेक मारून देते.

यंदा मेळाव्यात पोरांचा गराडा पडला. "अंकल, एक राउंड मारू?"

"अजिबात नाही!" म्हणत हे पेट्रोलमध्ये ऑइल किती घालावं, ते समजावत बसले. दुपारचे अडीच वाजले.

"अहो, निघायचं ना?"

"थांब गं जरा."