सोऱ्यासाठी युद्ध, समुद्रासाठी वैर

चि. सोनूस,


युद्धाची कारणं शिकवायची म्हटलं की वहीत दोन रकाने पडतात, एक ‘तात्कालिक’ आणि दुसरा ‘मूलभूत’, आणि मुलं ते घोकून मोकळी होतात, ही तुझी तक्रार रास्त आहे. पहिल्यात सारायेव्होचा खून, दुसऱ्यात साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार. पण १९१४चं युद्ध इतकं अवाढव्य आहे की त्यात कुठलं कारण केव्हा पुढे सरकलं, हे नववीतल्या मुलाला दिसणं अवघड. त्यापेक्षा दक्षिण अमेरिकेतलं एक युद्ध घे. १८७९ ते १८८३. एका बाजूला चिली, दुसरीकडे बोलिव्हिया आणि पेरू. शस्त्रस्पर्धा, गुप्त करार, खासगी कंपनी, रिकामे खजिने, सगळं तिथे आहे, आणि माणसं मोजकी आहेत.

रंगभूमी अटाकामाचं वाळवंट. स्पॅनिश साम्राज्य मोडून ही राष्ट्रं स्वतंत्र झाली तेव्हा त्या ओसाड पट्ट्यातून हद्द नेमकी कुठून जाते याची कुणालाच फिकीर नव्हती. मग किनाऱ्यावर ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर, आणि आत वाळवंटात सोरा असल्याचं कळलं. युरोपातल्या शेतांना खत हवं होतं, खाणींना आणि फौजांना स्फोटकं. पडीक रानाचा बांध कुणी मोजत नाही, पण शेजारून हमरस्ता गेला की दोघे भाऊ तलाठ्याकडे धाव घेतात, तसंच इथे झालं. १८६६मध्ये बोलिव्हिया आणि चिलीने २४ अंश दक्षिण अक्षांश ही हद्द ठरवली आणि तिच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्यातलं खनिजाचं उत्पन्न वाटून घ्यायचं ठरलं. वाटणीवरून कुरबुरी झाल्या. म्हणून १८७४मध्ये नवा तह: हद्द तीच, पण तिच्या उत्तरेला त्या पट्ट्यात काम करणाऱ्या चिली लोकांवर आणि त्यांच्या भांडवलावर बोलिव्हियाने २५ वर्षं कर वाढवायचा नाही.

कागदावर अँटोफागास्ता बंदर बोलिव्हियाचं होतं. प्रत्यक्षात तिथले मजूर, व्यापारी आणि सोऱ्याची कंपनी, बहुतेक सगळं चिलीचं. कंपनीत लंडनच्या अँटनी गिब्ज या पेढीचाही वाटा होता, आणि तिच्या भागधारकांत चिलीचे राजकारणी होते. बोलिव्हियाचं सरकार अँडीजच्या पलीकडे, उंच पठारावर.

त्यात तिन्ही सरकारांचे हात तंग. पेरूने १८७५मध्ये तारापाका प्रांतातला सोरा सरकारी ताब्यात घेण्याचा कायदा केला, मालकांना पैशांऐवजी रोखे दिले, आणि पुढच्याच वर्षी परदेशी कर्जाचे हप्ते थकवले. चिलीला १८७८मध्ये नोटांच्या बदल्यात नाणं देणं थांबवावं लागलं. बोलिव्हियाच्या किनाऱ्याला १८७७च्या भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या लाटांनी झोडपलं होतं, त्यावर दुष्काळ. त्या देशाच्या काँग्रेसने फेब्रुवारी १८७८मध्ये कंपनीच्या निर्यातीवर कर बसवला: क्विंटलला १० सेंटाव्हो. त्या काळचा तिथला क्विंटल म्हणजे सुमारे ४६ किलो.

आता मुलांना दोन्ही बाजूंचे कागद दाखव. चिली म्हणते, १८७४चा तह मोडला. बोलिव्हिया म्हणते, कंपनीशी सरकारने केलेल्या कराराला काँग्रेसची मंजुरी हवी होती, ती आम्ही या कराच्या अटीवर दिली. हा आमचा घरचा मामला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. कंपनीने कर भरला नाही. उठाव करून सत्तेवर आलेले अध्यक्ष इलारिओन दासा यांनी जप्तीचा हुकूम काढला आणि लिलावाची तारीख ठरली १४ फेब्रुवारी १८७९. त्याच दिवशी चिलीचे सैनिक अँटोफागास्तात उतरले.

इथवर हे दोघांचं भांडण आहे. पेरू त्यात कसा ओढला गेला, ते मला सर्वांत शिकवण्याजोगं वाटतं. चिलीने इंग्लंडमध्ये दोन चिलखती युद्धनौका बांधायला टाकल्या, तेव्हा पेरू धास्तावला आणि १८७३मध्ये त्याने बोलिव्हियाशी संरक्षणाचा गुप्त करार केला. हेतू सुरक्षिततेचा. १८७९मध्ये पेरूने मध्यस्थीसाठी होसे अँटोनियो दे लावाये यांना सान्तियागोला पाठवलं. तिथे त्यांना विचारण्यात आलं, असा काही करार आहे का? लावायेंनी टोलवाटोलवी केली. चिलीने तटस्थ राहण्याचा शब्द मागितला. कराराने हात बांधलेले, शब्द देता येईना. ५ एप्रिलला चिलीने दोघांविरुद्ध युद्ध पुकारलं. बोलिव्हियाकडे आरमार नव्हतंच, त्यामुळे समुद्रावर पेरू एकटा पडला. ‘वास्कार’ ही त्याची चिलखती नौका मिगेल ग्राऊ यांनी काही महिने अशी चालवली की चिलीच्या नाकी नऊ आले. ऑक्टोबरमध्ये ग्राऊ पडले, नौका चिलीच्या हाती गेली आणि समुद्र मोकळा झाला. जानेवारी १८८१मध्ये चिलीची फौज लिमात शिरली.

हे सगळं ब्रिटिश भांडवलाने घडवलं, असं तेव्हाच बोललं जाऊ लागलं. पुढे ‘सोरासम्राट’ म्हणून गाजलेल्या जॉन थॉमस नॉर्थने पेरूचे ते रोखे मातीमोलाने घेतले, आणि विजयी चिलीने रोखेधारकांना कारखाने परत दिल्यावर तो गबर झाला. पण हा सौदा युद्ध पेटल्यानंतरचा आहे. लाभ कुणाला झाला यावरून आग कुणी लावली हे ठरवता येत नाही, आणि हा घोटाळा मुलं हमखास करतात.

१८८३च्या तहाने तारापाका चिलीला मिळाला. ताक्ना आणि आरिका दहा वर्षं चिलीकडे राहायचे आणि मग सार्वमत, असं ठरलं होतं. सार्वमत कधीच झालं नाही. १९२९मध्ये ताक्ना पेरूला परत, आरिका चिलीकडे, अशी तोड निघाली. बोलिव्हियाने १९०४च्या तहाने किनारा कायमचा सोडला आणि बदल्यात चिलीने आरिकापासून ला पाझपर्यंत रेल्वे बांधून दिली.

यानंतर तुझ्या वहीत तिसरा रकाना आखावा लागेल. १९१३मध्ये जर्मनीत ओपाऊच्या कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया, म्हणजे कृत्रिम खताचा कच्चा माल, तयार होऊ लागला आणि पुढच्या दोन दशकांत चिलीच्या सोऱ्याचा बाजार बसला. हंबरस्टोनसारखी सोऱ्याची गावं ओस पडली. ते गाव आज युनेस्कोच्या यादीत आहे. म्हणजे भांडणाचं मूळ कारण संपलं. वैर मात्र संपलं नाही, कारण तोवर त्याला स्वतःची कारणं मिळाली होती: गमावलेला किनारा, धारातीर्थी पडलेली माणसं, पाठ्यपुस्तकातला नकाशा. बोलिव्हियात २३ मार्चला समुद्रदिन पाळतात; १८७९मध्ये त्या दिवशी कालामाजवळ चिलीच्या फौजेशी लढताना त्यांचा वीर एदुआर्दो आबारोआ पडला. किनारा नसलेल्या या देशाचं नौदल तितिकाका सरोवरावर सराव करतं. २००९च्या राज्यघटनेत समुद्रावरचा हक्क लिहिलेला आहे.

२०१३मध्ये बोलिव्हियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. समुद्राकडे वाट देण्याबाबत वाटाघाटी करणं चिलीवर बंधनकारक नाही, असा निकाल १ ऑक्टोबर २०१८ला लागला, १२ विरुद्ध ३ मतांनी. १९७८मध्ये तुटलेले दोघांचे राजनैतिक संबंध तेव्हाही तुटलेलेच होते. बोलिव्हियाचा बराचसा माल मात्र आरिकाच्या बंदरातूनच बाहेर पडत होता.

नकाशा सोबत धाडतो आहे, फळ्यावर काढायला सोपा पडेल. मुलांनी काय काय विचारलं ते सवडीने कळव.

तुझा,
मामा